मालक, मिस्त्री आणि ऑक्सिजन सेन्सर

मोटार हांकणाराच्या समोरील फळीवर एके दिवशीं अकस्मात् एक पिवळा दिवा लागतो, आणि त्या क्षणापासून घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, यंत्राचें काम यंत्र जाणणाराकडे सोंपवावें, त्याची मजुरी द्यावी आणि निश्चिंत व्हावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, एक लहानसा भाग काढून त्या जागीं दुसरा बसवावयाचा, एवढ्यासाठीं मिस्त्रीच्या दारीं जाऊन खिसा रिकामा कां करावा? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या घरीं हा वाद झाला, त्यांत दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. गृहस्थांनीं एक छोटासा स्कॅनर आणून गाडीच्या सॉकेटला जोडला. त्यावर 'पी ०१७१' असा संकेत उमटला. इंजिनाला मिळणाऱ्या मिश्रणांत हवा फार आणि पेट्रोल थोडें, असा त्याचा अर्थ होता. ही वार्ता देणारा ऑक्सिजन सेन्सरच बिघडला असला पाहिजे असा तर्क करून त्यांनीं नवा सेन्सर विकत आणला, रविवारची सगळी सकाळ खर्चून सोसायटीच्या आवारांत तो बसविला, आणि दिवा विझविला. दहा दिवसांनीं दिवा पुन्हां लागला.

पुढें काय झालें तें आम्ही शेवटीं सांगूं. तूर्त एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, स्वतः करावें कीं करवून घ्यावें हा प्रश्न दिसतो तितका आजचा नाहीं आणि तितका पैशाचाहि नाहीं. तो मोटारीइतकाच जुना आहे; आणि त्याचा इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, वाद नेहमीं हाताच्या कामाविषयीं झाला, पण खरी गोष्ट होती ती ज्ञान कोणाच्या हातीं राहणार ही.

मोटार जन्मली तेव्हां मालकानें ती स्वतः दुरुस्त करण्याची कल्पनाच नव्हती. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा. ज्या श्रीमंतांनीं प्रथम मोटारी घेतल्या, त्यांनीं घोडागाडीबरोबर जसा कोचमन ठेवावा तसा मोटारीबरोबर शोफर ठेविला. हांकणाराहि तोच आणि मिस्त्रीहि तोच. परंतु या दोन चाकरांत एक मोठा भेद होता. घोडा लंगडूं लागला तर तें मालकाच्या डोळ्यांना दिसे. इंजिन लंगडूं लागलें तर त्याचें कारण शोफर सांगेल तेंच खरें मानावें लागे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील धनिकांची या शोफरांविषयीं एकच ओरड होती. सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बिलांवर ते गॅरेजवाल्यांकडून दस्तुरी घेतात, आणि मालकाच्या अपरोक्ष गाडी उडवितात, अशी ती ओरड होती. धन्याजवळ पैसा होता, चाकराजवळ ज्ञान होतें. आणि ज्ञानापुढें पैशाचें कांहीं चालेना.

ही स्थिति पालटली ती हेन्री फोर्ड यांच्या 'मॉडेल टी' गाडीमुळें. १९०८ पासून १९२७ पर्यंत या एकाच जातीच्या दीड कोटी गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, आणि त्यांतील पुष्कळ गाड्या शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारीं जाऊन उभ्या राहिल्या. हा शेतकरी नांगर आणि पंप स्वतः दुरुस्त करीतच होता. त्याला मोटार म्हणजे आणखी एक अवजार वाटलें. त्यानें तिचे स्क्रू पिळले, झडपा घांसल्या, मागचें चाक उचलून त्यावर पट्टा चढविला आणि तिच्याकडून लांकडें कापविलीं. गाडी ओबडधोबड होती, पण तिच्यांत गूढ असें कांहीं नव्हतें. शोफराचें गुपित अशा रीतीनें फुटलें.

तरीहि गांवांतून शहरांत आलेल्या, कचेरींत काम करणाऱ्या मध्यम स्थितींतील मनुष्याजवळ शेतकऱ्याचे हात नव्हते. तो मेकॅनिकवरच अवलंबून राहिला, आणि त्या अवलंबनाचा हिशेब १९४१ सालीं जाहीर झाला. 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाच्या वतीनें एका मोटारीची फेरी अमेरिकेच्या सर्व संस्थानांतून काढण्यांत आली. प्रत्येक गॅरेजच्या जवळ पोंचल्यावर इंजिनाच्या कॉइलची एक तार मुद्दाम सोडावयाची, आणि कांहींच न समजल्याचें सोंग करून मेकॅनिकला विचारावयाचें, असा तो बेत होता. तार पुन्हां जोडणें हें एका क्षणाचें काम. एकंदर ३४७ गॅरेजांपैकीं २१८ ठिकाणीं, म्हणजे शेंकडा ६३ ठिकाणीं, नको तें काम करण्यांत आलें, न केलेल्या कामाचे पैसे मागण्यांत आले, किंवा वाजवीहून अधिक आकारणी झाली. या आंकड्यांवर त्या वेळीं मोठें वादळ उठलें. परंतु बाकीच्या १२९ ठिकाणांकडे सहसा कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तेथील मेकॅनिकांनीं बॉनेट उघडून पाहिलें आणि सुटलेली तार ओळखली. हीं ओळखणारीं माणसें आमच्या या लेखांत पुन्हां भेटतील.

आतां ज्या लहानशा वस्तूनें हा जुना वाद नव्यानें उभा केला तिच्याकडे वळूं. तिची कथा सुरू होते लॉस अँजेलिस शहराच्या धुरकट हवेंत. २६ जुलै १९४३ रोजीं त्या शहरावर डोळे झोंबविणारा असा दाट धूर पसरला कीं, युद्धाचे ते दिवस असल्यामुळें हा शत्रूचा विषारी वायु तर नव्हे, असा लोकांस संशय आला. धूर कारखान्यांचा असावा असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. आरी हाहेन-स्मित हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ त्या वेळीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत होते. अननसाच्या स्वादांतील द्रव्यें शोधून काढणें, हें त्यांचें काम. तेंच कसब त्यांनीं हवेकडे वळविलें, आणि १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत असें दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील न जळलेले इंधनाचे अंश आणि नायट्रोजनचे वायु यांवर ऊन पडून ओझोन तयार होतो, आणि तोच डोळे व फुफ्फुसें जाळतो. गुन्हेगार कोणी परका नव्हता. ज्याच्या त्याच्या दारांत उभी असलेली मोटारच होती.

याचें फळ म्हणून १९७० सालीं अमेरिकेंत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, आणि १९७५ पासून नव्या मोटारींच्या धुराच्या नळींत 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' बसूं लागला. ही प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली एक जाळी. तिच्यांतून जातां जातां धुरांतील विषारी वायु निरुपद्रवी होतात. तीनहि जातींचे विषारी वायु एकाच जाळींत मारावयाचे तर मात्र एक अट होती. इंजिनांत जाणारें मिश्रण नेमकें हवें: पेट्रोलच्या १ भागास हवेचे सुमारें १४.७ भाग, वजनानें. पेट्रोल जरा अधिक झालें तर दोन वायु सुटतात, हवा जरा अधिक झाली तर तिसरा सुटतो. एवढी सूक्ष्म तोल संभाळणें कोणत्याहि कार्ब्युरेटरास किंवा मिस्त्रीच्या कानास शक्य नव्हतें.

तो तोल संभाळणारा पहारेकरी जुन्या विज्ञानांतून सांपडला. वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८९ सालीं विद्युत्-घटांचें एक सूत्र मांडलें होतें, आणि पुढें झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची तापवलेली कांडी विजेचें वहन करते या गुणावर एक दिवाहि तयार केला होता. दिवा मागें पडला, गुण राहिला. जर्मनींतील बॉश कंपनीनें त्याच द्रव्याची अंगुस्तानाएवढी टोपी केली, तिला आंतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर दिला, आणि ती धुराच्या नळींत अशी बसविली कीं, तिच्या बाहेरच्या अंगास धूर आणि आंतल्या अंगास स्वच्छ हवा लागावी. दोन्ही बाजूंच्या प्राणवायूंत जितका फरक, तितका विजेचा दाब. पेट्रोल अधिक असल्यास सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक असल्यास सुमारें ०.१. मात्र ही टोपी सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापल्यावांचून बोलत नाहीं. म्हणून पुढें तिच्या पोटांत एक लहानसा हीटर बसविण्यांत आला. १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनें ही योजना प्रथम आपल्या गाड्यांत आणली. सेन्सर वार्ता देतो, संगणक ती ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि हा संवाद गाडी चालू आहे तोंपर्यंत क्षणोक्षणीं चालूं राहतो. आजच्या कित्येक गाड्यांत याहून सूक्ष्म जातीचे सेन्सर आहेत, पण कामाचें तत्त्व हेंच.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून या बदलाचा अर्थ ध्यानांत घ्यावा. तोंपर्यंत मिश्रण जुळविण्याचा एक स्क्रू असे. ज्यांच्या घरीं पूर्वीं फियाट किंवा अँबॅसडर होती, त्यांना आठवत असेल कीं, मिस्त्री एका हातीं स्क्रू-ड्रायव्हर धरून तो स्क्रू किंचित् फिरवी आणि मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐके. हौशी मालकहि तें शिकत. अमेरिकेंत १९८० च्या सुमारास तो स्क्रू टोपण ठोकून बंद करण्यांत आला, कारण मालकाच्या हौशीपेक्षां शेजाऱ्याचें फुफ्फुस मोठें ठरलें. न्याय योग्य होता यांत शंका नाहीं. परंतु त्याच्याबरोबर फोर्डच्या शेतकऱ्याचा वारसा संपला, आणि बॉनेटखालचें ज्ञान पुन्हां एकदां थोड्यांच्या हातीं गेलें. या वेळीं तें शोफराच्या हातीं नव्हे, कारखान्याच्या हातीं गेलें.

परंतु इतिहासाचा विनोद असा कीं, ज्या कायद्यानें दार लाविलें त्यानेंच खिडकी उघडली. हवा स्वच्छ राहावी तर मोटारीनें स्वतःचा बिघाड स्वतः सांगितला पाहिजे, असें कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळानें ठरविलें. १९८८ च्या गाड्यांपासून तसे दिवे आले; पण प्रत्येक कंपनीचें सॉकेट निराळें आणि भाषाहि निराळी. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींना एकच सॉकेट आणि संकेतांची एकच भाषा सक्तीची झाली. तिला ओबीडी-२ म्हणतात, आणि आमच्या गृहस्थांनीं वाचलेला 'पी ०१७१' त्याच भाषेंतला शब्द आहे. १९९० च्या दुरुस्त कायद्यांत असेंहि कलम आलें कीं, धुराच्या यंत्रणेची दुरुस्ती करण्यास लागणारी माहिती कंपन्यांनीं स्वतंत्र मेकॅनिकांसहि दिली पाहिजे. पुढें २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न लोकमतास टाकला गेला, तेव्हां शेंकडा ८६ मतें हक्काच्या बाजूनें पडलीं. सामान्यतः लोक इतक्या एकमतानें कशालाच हो म्हणत नाहींत.

आपल्याकडे हीच कथा थोडी उशिरां घडली. १८९८ सालीं मुंबईंत आलेल्या पहिल्या मोटारींपैकीं एक जमशेटजी टाटा यांची होती असें सांगतात; तेव्हांपासून जवळजवळ एक शतक येथील मोटार स्क्रू-ड्रायव्हर जाणणाऱ्यांचीच राहिली. १९९५ सालीं मुंबईसह ४ महानगरांत नव्या गाड्यांस कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठीं शिसें नसलेलें पेट्रोल हवें, कारण शिशानें कन्व्हर्टर आणि सेन्सर हे दोन्ही मरतात. असें पेट्रोल २००० सालापासून सर्व देशभर मिळूं लागलें. कार्ब्युरेटर गेला, संगणक आला. दोषांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांनीं सक्तीची झाली. आणि ज्ञानाचा प्रश्नहि लगोलग पाठीशीं आला: सुटे भाग आणि तपासणीचीं उपकरणें खुल्या बाजारांत मिळूं देत नाहींत, या कारणास्तव भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ सालीं १४ मोटार-कंपन्यांस एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. तो निर्णय पुढें अपिलांत गेला. पण रस्त्याच्या कडेचा मिस्त्री अडाणी असल्यामुळें मागें पडत नाहीं, माहिती अडविल्यामुळेंहि पडतो, ही गोष्ट त्या निकालानें प्रथमच अधिकृतपणें सांगितली.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. सेन्सर स्वतः बदलावा काय? हाताचें काम म्हणून पाहिलें तर तें अवघड नाहीं. गाडी निवूं द्यावी, तारेचा प्लग सोडावा, २२ मिलिमीटरचा चीर असलेला खास पाना लावावा आणि सेन्सर फिरवून काढावा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें आटे धरले असतील तर तेल सोडून धीर धरावा. घाईनें आटे मोडले तर काम तिपटीनें वाढतें. नव्याच्या आट्यांस न चिकटूं देणारी पेस्ट लावावी, पण टोंकास बोट किंवा तेल लागूं देऊं नये. गाडीला बहुधा दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या अलीकडे आणि एक पलीकडे. अलीकडचा मिश्रण पाहतो, पलीकडचा कन्व्हर्टर कामावर आहे कीं नाहीं तें पाहतो. त्यांतला कोणता बदलावयाचा तें आधीं नीट समजून घ्यावें. इतकें ज्याला साधेल त्यानें मजुरी खुशाल वांचवावी.

परंतु अवघड काम पाना हातीं घेण्यापूर्वींच होऊन गेलेलें असतें. तें काम म्हणजे निदान. रावणाच्या दरबारांत हनुमंतास मारण्याची आज्ञा झाली तेव्हां दूत अवध्य असतो असें बिभीषणानें सांगितलें. सेन्सर हा मोटारीचा दूत आहे, आणि अप्रिय वार्ता आणल्याबद्दल त्याचा रोज कोठें ना कोठें वध होतो. कांहीं संकेत दूताच्या प्रकृतीविषयीं असतात: 'पी ०१३५' म्हणजे सेन्सरच्या हीटरचें मंडळ बिघडलें, तेथें तार आणि फ्यूज तपासून सेन्सर बदलणें बहुधा योग्यच. परंतु 'पी ०१७१' ही दूताची प्रकृति नव्हे, त्याचा निरोप आहे. निरोप खरा असूं शकतो. शिवाय दूताला पेट्रोल दिसत नाहीं, केवळ प्राणवायु दिसतो. धुराच्या नळीला त्याच्या अलीकडे भेग पडून बाहेरची हवा आंत शिरली, किंवा एखाद्या सिलिंडरांत ठिणगीच न पडल्यामुळें हवा न जळतां तशीच बाहेर पडली, तरी तो प्रामाणिकपणें 'हवा फार' असेंच सांगणार. आणि संगणक त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवीत राहणार. त्या वाढत्या पेट्रोलची किंमत मालक भरतो, ताप कन्व्हर्टर सोसतो, आणि धूर सर्वांच्या वांट्यास येतो.

आमच्या गृहस्थांच्या बाबतींत हेंच झालें होतें. दुसऱ्यांदां दिवा लागल्यावर ते नाइलाजानें एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनीं स्कॅनरवरचा संकेत वाचला, पण त्यावर थांबले नाहींत. गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळीं थंड इंजिन सुरू केलें, आणि धुराच्या नळीजवळ कान नेला. बारीक टिकटिक ऐकूं आली. इंजिन तापल्यावर ती थांबली. सेन्सरच्या अलीकडचा गॅस्केट फाटला होता. लोखंड तापून फुगलें म्हणजे फट मिटे, म्हणून दुपारीं कोणालाहि ती सांपडली नसती. नवा गॅस्केट बसला आणि दिवा पुन्हां लागला नाहीं. बिल आलें तेव्हां गॅस्केटची किंमत नाममात्र आणि मजुरी तिच्या कित्येक पट होती. "कान लावून ऐकण्याचे एवढे पैसे?" असें गृहस्थ आम्हांस म्हणाले. आम्हीं त्यांना विचारलें कीं, "ऐकलें नसतें तर तिसरा सेन्सर केव्हां घेणार होतां?"

आमच्या मध्यम वर्गाची ही एक जुनी खोड आहे. डॉक्टरांनीं नाडी पाहून, छातीस नळी लावून दोन शब्द सांगितले तर आपण त्याची फी विनातक्रार देतों. कारण निदान हेंच मोठें काम आहे हें आपण जाणतों. मिस्त्रीच्या बाबतींत मात्र आपण पाना किती वेळ फिरला तें मोजतों. मग तोहि शहाणा होतो, आणि जें मोजलें जातें तेंच वाढवितो. निदान न करतां भाग बदलतो, कारण भागाची किंमत आपण मुकाट्यानें देतों. १९४१ च्या त्या २१८ गॅरेजांना आम्ही निर्दोष म्हणत नाहीं. परंतु उरलेल्या १२९ जणांना क्षणांत तार ओळखण्याचें मोल किती मिळालें असेल, हाहि विचार करण्यासारखा आहे.

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें: संकेत स्वतः वाचावा, कारण तो वाचण्याचा हक्क लोकांनीं कायद्यानें मिळविला आहे आणि वाचणाराला फसविणें कठीण जातें. दूतच आजारी असल्याची खात्री असेल आणि हात धजत असतील, तर सेन्सर स्वतः बदलावा. त्यांत अभिमानास जागा आहे. परंतु निरोपाचा अर्थ लागत नसेल तर मिस्त्रीकडे जावें, कोणता भाग बदलूं असें न विचारतां असें कां होतें तें विचारावें, आणि त्यानें कारण शोधून दाखविलें तर त्याच्या कानाची किंमत निराळी मोजून द्यावी. आमच्या गृहस्थांनीं तो काढलेला जुना सेन्सर कागदांत गुंडाळून ठेविला आहे. मिस्त्रींनीं तपासून सांगितलें कीं, तो अगदीं उत्तम चालतो.